मधल्या वळणावरची सवारी

सासऱ्यांची पिकअप चढावरच्या मधल्या वळणावर रोज दम टाकते, ही तक्रार मिस्त्रीच्या कानावर बरेच दिवस येत होती. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. मागे बेकरीच्या पावाचे ट्रे, म्हणजे वजन असं काहीच नाही. मिस्त्रीने प्लग बदलले, टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. गॅरेजच्या दारातून गाडी तिरासारखी सुटायची. वळण आलं की पुन्हा रडगाणं सुरू.

शेवटी एका सकाळी तो स्वतःच मागे ट्रेंमध्ये जाऊन बसला. वळणावर गाडी रेंगाळत रेंगाळत थांबायलाच आली. केबिनच्या मागच्या काचेतून त्याने पाहिलं, सासऱ्यांच्या शेजारच्या सीटची गादी हळूच खाली दबली. मग गाडी जड अंगाने चढ चढली. वर दवाखान्यासमोर सासऱ्यांनी गाडी उभी केली, वाकून पलीकडचं दार उघडलं. गादी वर आली. त्यांनी दार लावून घेतलं.

मिस्त्री खाली उतरून केबिनशी आला. "मामा, हे काय?"

"बसते ती," सासरे म्हणाले. "इथपर्यंतच. ड्यूटी असते ना तिची."

ती म्हणजे त्यांची मुलगी, मिस्त्रीची बायको. दवाखान्यात नर्स होती. घरातून चालत वळणावर यायची आणि वडिलांच्या गाडीने वर जायची. मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली.

मिस्त्री घाबरला हे खरं. पण भीती ओसरल्यावर जे उरलं ते भीतीहून वाईट होतं. घरात तिची उशी तशीच होती, तिची चप्पल दाराशी होती. तिला हाका मारून मारून त्याचा घसा बसला, तरी घराकडे ती फिरकली नव्हती. बापाकडे मात्र रोज, न चुकता.

"मामा, इंजिन थकलंय," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "टर्बो बसवू या. चढ हसत चढेल."

"म्हातारीला आता कशाला नटवताय?" सासरे हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. जावयाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी किल्ली दिली.

भंगारातून एक छोटा टर्बो मिळाला. एक्झॉस्टच्या धुराने त्याचं चाक फिरणार आणि ते हवा दाबून कार्बोरेटरमध्ये कोंबणार. सांगायला सोपं. पण जुना कार्बोरेटर हवा ओढून घेणारा, कोंबलेली हवा त्याला सोसेना. पहिल्याच चाचणीत पेट्रोल सांध्यासांध्यांतून उडालं आणि आतला पेट्रोलवर तरंगणारा पितळी पोकळ फ्लोट चेपून गेला. मिस्त्री हटला नाही. कार्बोरेटरभोवती त्याने पत्र्याची हवाबंद पेटी बांधली, भरीव फ्लोट घातला, हवेच्या दाबाबरोबर पेट्रोलचाही दाब वाढेल अशी सोय केली. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, नाहीतर इंजिन ठोकत ठोकत पिस्टन फोडून बसलं असतं.

मग सासरे गाडी घेऊन निघाले, हा मागे. वळण आलं. टर्बोने बारीक शीळ घातली आणि पिकअप झेप घेऊन पुढे गेली. गादी हलली नाही. मिस्त्रीने मागे पाहिलं. रिकामा रस्ता, थोडी धूळ. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

वर पोचल्यावर सासऱ्यांनी सवयीने पलीकडचं दार उघडलं. हात तसाच राहिला. "तिथंच राहिली हो ती," ते म्हणाले. "मी थांबलोच नाही."

त्याच दुपारी मिस्त्री पिकअप घेऊन एकटा वळणावर गेला. इंजिन बंद केलं, दार उघडलं. "आज मी आलोय," तो म्हणाला. "बस ना."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग औषधी साबणाचा ओळखीचा वास आला आणि गादी दबली.

त्याने गाडी सुरू केली. दवाखाना आला, पण त्याचा पाय ब्रेकवर जाईना. पुढे जाऊन त्याने गाडी वळवली आणि तिला घरी आणलं.

घरात ती होती, पण निवांत नव्हती. ड्यूटीची वेळ झाली की दाराची कडी खडखडायची. मिस्त्री ती घट्ट धरून उभा राहायचा. "थांब गं, आत्ताच तर आलीस," असं पुटपुटत राहायचा. कडी हाताला बर्फासारखी लागायची.

अशाच एका सकाळी बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "तुम्ही आणलंत तिला."

"घर तिचंच आहे, मामा."

"तिला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. कधीच नव्हतं. मिस्त्रीने कडीवरचा हात काढला. दार आपोआप उघडलं. सासऱ्यांच्या बाजूने गार झुळूक गेल्यासारखं झालं आणि बाहेर उभ्या पिकअपचे स्प्रिंगचे पाटे करकरले. सासऱ्यांनी किल्ली पुढे केली. "तुम्हीच सोडा. मी मागे बसतो."

मिस्त्रीने इतक्या हलक्या पायाने गाडी चालवली की टर्बो जागाच झाला नाही. दवाखान्यासमोर त्याने दार उघडलं. "जा," तो कसाबसा म्हणाला. "उशीर होतोय तुला."

ती उतरली. त्यानंतर ती त्या सीटवर कधी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गॅरेज न उघडता पायरीवर बसून होता. पिकअप येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी काच खाली केली, वाकून त्याच्यासाठी पलीकडचं दार उघडलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

"चल रे," ते म्हणाले. "पाव गार होतायत."