गुरुवारी गेलेली लाईट

रजनीताईंचं गुरुवारचं मौन साधं नव्हतं, काष्ठमौन होतं. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द नाही, हाताची खूण नाही, लिहून दाखवणं नाही, मानेचा होकार-नकारसुद्धा नाही. लाकडासारखं राहायचं. घरातली कामं मात्र सगळी करायची. आईकडून आलेला हा नेम होता, आणि बदनापुरातल्या त्यांच्या गल्लीला तो इतका पाठ झाला होता की गुरुवारी भाजीवालीसुद्धा काही न विचारता मेथीची जुडी ओट्यावर ठेवून पुढे जायची.

त्यांचे यजमान श्रीपतीराव यांचा नेम वेगळा. कृषी संशोधन केंद्राच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांना कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी बसवायचं फुकटचं लिनक्स लागलं. एखाद्याला भजनी मंडळ लागावं तसं. कुणाचा कॉम्प्युटर कुंथत चालतो असं कानावर आलं की जानव्याला किल्लीशेजारी बांधलेला पेनड्राइव्ह घेऊन हे त्याच्या दारात. "टाकू नका हो, जीव आहे अजून त्यात," म्हणायचं आणि जमिनीवर मांडी ठोकून बसायचं. सगळं साधायचंच असं नाही. शेजारच्या कडूबांच्या लॅपटॉपवर लिनक्स चढलं ते झोकात, पण त्यातला आवाज गेला. कडूबा गल्लीभर सांगत सुटले, "श्रीपतीरावांनी माझ्या मशीनला पण मौन घ्यायला लावलं." आठवडाभर खटपट करून आवाज परत आणला तेव्हा श्रीपतीरावांनी पेढे वाटले होते.

त्यांच्या आवडीच्या लिनक्सचं नाव मिंट. रजनीताई त्याला पुदिना म्हणत. "आज कुणाकडं पुदिना लावायचाय?" असं रोज सकाळी विचारत. गुरुवार सोडून.

घरचा जुना कॉम्प्युटर तेवढा सुटला होता. मुलगा शौनक चौथीत असताना घेतलेला, त्याच्यावर तेच जुनं विंडोज. त्या गुरुवारी, ऑक्टोबरचं ऊन अंगणात उतरत असताना, श्रीपतीरावांना अचानक त्याची दया आली.

"आज आपल्या म्हाताऱ्याचं बी करून टाकतो," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "माझे फोटो, कागदं, सगळं काल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवलंय. तुझं काही न्हाई ना त्याच्यात?"

रजनीताई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अरे हो, आज गुरुवार," श्रीपतीराव हसले. "तुझं काय असणार म्हणा." आणि गेले.

होतं. त्यात रजनीताईंचंच होतं, आणि त्या आणि शौनक सोडून कुणालाच ते माहीत नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला की दोन नावं यायची, बाबा आणि शौनक. शौनक नोकरीला बेंगळुरूला जाताना आपलं सामान उचलून गेला, तेव्हापासून त्याच्या नावाचं दार रिकामंच असणार असं श्रीपतीराव धरून चालले होते. पण जाताना पोरगं आईच्या कानाशी लागून म्हणालं होतं, "आई, माझे लहानपणचे आवाज आहेत त्यात. तुझ्यासाठी ठेवलेत. पासवर्ड तुझंच नाव आहे." माईक नवा होता तेव्हा त्यानं काय काय भरून ठेवलेलं. दुपारी श्रीपतीराव कुणाकडे गेले की रजनीताई ते दार उघडायच्या, एखादा आवाज ऐकायच्या आणि बंद करून चुलीकडे वळायच्या. आताचा शौनक फोनवर दोन वाक्यं बोलायचा. जेवलो. ठेवतो. वाईट मुलगा नव्हता, कामात होता. पण त्यांना जो बोलका मुलगा आठवायचा तो आता एवढ्या एका जागीच शिल्लक होता.

त्यांनी मेथी तशीच ठेवली, फडकं घेतलं आणि टेबल पुसायच्या निमित्तानं श्रीपतीरावांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

श्रीपतीरावांना जे करतील ते मोठ्यानं बोलायची सवय. "भाषा, झाली. कीबोर्ड, झाला. आता हे, सगळी डिस्क पुसून मिंट बसवा. बिलकुल साफ! नवं घर बांधायचं तर जुनी भिंत कशाला ठेवायची?" त्यांनी त्या ओळीपुढच्या गोलात खूण केली. खाली 'बसवा'चं बटण उजळलं. ते दाबलं की संपलं. बोट माऊसवर गेलं आणि तिथून परत आलं. "आधी चहा. शुभकाम आहे. रजनी, कपभर टाकतेस का?"

रजनीताईंनी चहा टाकला. दूध वर येईपर्यंतचाच काय तो वेळ होता.

एक शब्द पुरला असता. थांबा. पण ज्वर असताना, बाळंतपणात, सासूबाई गेल्या त्या गुरुवारी, कधीही तो शब्द तोंडून सुटला नव्हता. आज स्वतःच्या एका सुखासाठी सोडायचा? आणि नाही सोडला तर उद्यापासून त्या दारामागे काय? त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. देवा, खूण करायची नाही हे कबूल. लिहायचं नाही, कबूल. पण घरातले दिवे-पंखे रोज मीच बंद करते ना? ते बोलणं कधी होतं?

त्या मागच्या दारानं ओसरीवर गेल्या. मीटरखालचा मेन स्विच खाली ओढला. खट्.

पंखा फिरत फिरत थांबला. आतून आवाज आला, "अरेरे! गेली वाटतं!"

रजनीताईंनी चहाचा कप नेऊन ठेवला. बशीत थोडा चहा सांडला. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. श्रीपतीरावांनी बशी उचलली, फुर्र करून प्यायले आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसले. "येईल. येईल तवा करू."

इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यातच बसली होती. दुपार चढली तशी पत्र्यावरची धग खोलीत उतरली. श्रीपतीरावांनी सदरा काढला, पंच्यानं वारा घेतला. जेवण झालं, एक डुलकी झाली. एवढ्यात कडूबा आले.

"काय वो श्रीपतीराव, अंधारात काय करून राह्यले?"

"लाईट न्हाई."

"न्हाई कशी? आमच्याकडं तर हाय! बायको कधीची मिक्सर फिरवून राह्यली, कान किटले."

माजघरात रजनीताई दाराशी सरकल्या.

"आमचा फेज गेला आसंल," श्रीपतीराव म्हणाले.

"फेज? आपला दोघांचा फेज एकच तर हाय. मेन स्विच पडला आसंल, थांबा, पाहतो जल्दी..." कडूबा ओसरीकडे वळलेसुद्धा.

"कडूबा, बसा."

"आवो पण दोन मिन्टाचं काम..."

"बसा म्हणतो ना. त्या बोर्डाला शॉक लागतो. उगं हात लावू नका."

"शॉक लागायला करंट नको का?" कडूबा हसले, पण बसले. थोडा वेळ घाम पुसला, वर पंख्याकडे पाहिलं. मग उठून म्हणाले, "तुमच्या घरात माणसं बी मुकी, लाईट बी मुकी. मी आपला मिक्सरकडं जातो."

किती साधा माणूस आहे आपला, रजनीताईंच्या मनात आलं. शॉक लागेल म्हणून शेजाऱ्याला हात लावू देत नाही, आणि मी त्याला फसवून उकाड्यात बसवलंय. त्या साध्या विचारानं त्यांचे डोळे भरले. मौन मोडलं नव्हतं, पण सोवळंही राहिलं नव्हतं.

ऊन उतरलं. त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं. हात जोडले, रामाचं नाव घेतलं. सगळ्या दिवसाचा पहिला शब्द. आणि वळून थेट म्हणाल्या, "अहो, लाईट गेली नव्हती. मी बंद केली."

"माहीत आहे," श्रीपतीराव म्हणाले.

"कडूबा बोलले तेव्हा कळलं?"

"त्याच्या कितीतरी आधी. ओसरीवर खट् वाजलं अन् मंग पंखा थांबला. लाईट जाताना कधी खट् वाजतं का?"

"मग उठला का नाहीत? दिवसभर उकडत बसलात!"

"लावली असती तर तुला काहीतरी बोलावं लागलं असतं." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "तू कधी कुठलं बटण उगं बंद केलंय का? म्हटलं, काहीतरी आहे. सांजच्याला सांगंल. लाव आता, जीव गेला माझा."

रजनीताईंनी स्विच वर केला. पंखा गरगरला. श्रीपतीरावांनी कॉम्प्युटर पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू केला, आणि त्या अडखळत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शौनकचं दार, आवाज, पासवर्ड. ते ऐकत होते आणि माऊस हलवत होते. पेनड्राइव्हवरच्या मिंटनं जुन्या डिस्कवरची सगळी दारं पासवर्ड न विचारताच उघडली. शौनक. त्यात 'आईसाठी'.

श्रीपतीरावांचा हात थांबला. "हे मी पुसत होतो," ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत."

"विचारलं होतं ना मी. अन् उत्तर बी मीच दिलं. तुझं काय असणार म्हणे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर चढवायला लावलं, मग एक आवाज सुरू केला.

खरखर. आणि मग आठ-नऊ वर्षांचा शौनक, घसा खाकरून: "नमस्कार श्रोतेहो. आता ऐका शेतकरी बांधवांसाठी बातम्या. आमच्या बाबांच्या ऑफिसात आज तुरीला फुलं आली. बाबांना मात्र सर्दी आली. बाबा, दोन शब्द सांगा!" आणि एक तरुण आवाज, नाक चोंदलेला: "दोन शब्द? झोपा आता." मग दोघांचं हसणं, आणि त्या हसण्यात माईक पडल्याचा धडाम आवाज.

श्रीपतीरावांनी तोच आवाज पुन्हा लावला. मग नाक ओढून म्हणाले, "मी असा हसत होतो?"

"मोडलं का हो माझं मौन?" रजनीताईंनी विचारलं. दुपारपासून तोच काटा होता.

"मला तर दिवसभर काही ऐकू आलं न्हाई."

"त्या खट्कन आवाजाचं काय?"

"तो स्विचचा. त्याचं मौन मोडलं, तुझं न्हाई."

त्या हसल्या. डिस्कवर चढणारी हिरवी पट्टी अजून अर्ध्यावरच होती.

"शौनकला पाठवू का हे?" त्यांनी विचारलं.

"नको, लाजंल. लग्नात वाजवू, लाऊडस्पीकरवर." मग पडद्यावरची यादी खाली सरकवत, "आणखी आहेत?"

"पुष्कळ आहेत."

"मंग मिंट उद्या," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.