चौथीचं नाव

लोधिवलीत अंबाबाईचं नाव घेतलं की भांडणारेसुद्धा जरा दमानं बोलायचे. लग्नाचा भात किती शिजवायचा ते अंबाबाईला विचारून, अडलेल्या बाळंतिणीजवळ बसायला अंबाबाईला बोलावून. पण हीच बाई माहेरी भिवपुरीकडे आली, की तिची नकू व्हायची. तिसरीही मुलगीच झाली म्हणून ठेवलेलं नाव ते. थोरल्या बहिणी काशी आणि मथुरा, आणि ही नको म्हणून नकू. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून अंबा ठेवलं, तेव्हा कुठे तिला माणसासारखं नाव मिळालं.

धाकटा भाऊ नामा तिथल्या वीजघरात कामाला होता. त्याला चौथी मुलगी झाली, आणि बारशाला अंबाबाई भल्या पहाटे निघून झबलं-टोपडं घेऊन चालत आली.

"नकू आली गं!" ओट्यावर घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसलेली आई, चंद्राबाई, ओरडली. "बरं झालं. आत्या तू. पोरीच्या कानात नाव तूच सांगायचं. नकू ठेवायचं, ठरलंय माझं."

अंबाबाईनं हातातलं बोचकं खालीसुद्धा ठेवलं नाही. "गंगा, यमुना, गोदा, आनि नकू? आये, काय मेळ तरी हाय का?"

"मेळ काय चाटायचाय? तुला नकू म्हटली म्हनून तुज्या पाठीवर नामा झाला. अनुभवाचं औषध हाय ते."

इथंच सगळं अडत होतं. नकूच्या पाठीवर नामा झाला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि तो पुरावा समोर विडी ओढत बसला होता. अशा पुराव्याशी भांडायचं कसं?

अंबाबाई तडक आत बाळंतिणीकडे गेली. "जयवंता, तुज्या मनात काय हाय?"

"माज्या मनाचं कोन इचारतंय, वन्सं?"

"मी इचारते."

जयवंतानं बाळाच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "तिगी नद्या हायेत," ती हळूच म्हणाली. "हीबी नदीच असू दे."

मग दोघी नद्या शोधायला बसल्या. कृष्णा म्हणावं तर चुलत जावेची मुलगी कृष्णा, आणि जावेशी बोलणं नव्हतं. तापी नाव जयवंतानंच उडवून लावलं. सासू आधीच तापट, त्यात आणखी एक नको. शेवटी अंबाबाईची नजर मागच्या दारातून उगवतीच्या डोंगरावर गेली. एका शिवरात्रीला ती खांडसवरून भीमाशंकर चढली होती. तिथं नदी उगम पावते म्हणून पाहिलं, तर हंडाभर पाणी. खाली देशावर त्याच पाण्यात नावा चालतात म्हणे.

"भिवरा," ती म्हणाली. "आपल्याच डोंगरावर जन्मते."

जयवंतानं चारही नावं एका दमात म्हणून पाहिली. मग पुन्हा एकदा म्हटली. "बसतंय, वन्सं," ती म्हणाली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

अंबाबाई बाहेर येऊन भावासमोर उभी राहिली. "नामा, आयेचं खरं धरलं तर तू माज्या नावावर जन्मलास. ते नाव मी जन्मभर वागवलं. आता ते तुज्या पोरीला देनार हायेस?"

नामानं मान खाली घातली. "आये काय म्हनंल, आक्का?"

"आये काय म्हनंल ते मीच सांगते!" चंद्राबाईनं सूप आपटलं. "नकू, दुसरं नाव घेतलंस तर ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठेवायचा नाय."

अंबाबाईनं उंबऱ्याकडे पाहिलं. सासरी कितीही मान असला, तरी चार दिवस पाय पसरून बसायला बाईला माहेरच लागतं. ते आज जाणार होतं. पण आत गोधडीत निजलेल्या त्या मुठीएवढ्या जिवाला उद्यापासून सगळं गाव नको-नको म्हणून हाक मारणार, हे तिला त्याहून सोसवेना.

दुपारी बायका जमल्या. अंबाबाई पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र," म्हणताच रिवाजाप्रमाणे पाठीवर धपाटे पडू लागले. एरवी आत्या नाव कानात पुटपुटते. हिनं ते ओट्यावर बसलेल्या पुरुषांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"भिवरा!"

एक धपाटा असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागं न बघताच तिनं तो हात ओळखला. लहानपणापासूनची ओळख होती.

"भिवरा!"

पुन्हा तोच हात, पण या खेपेला जोर कमी.

"भिवरा!"

या वेळी तो हात पडला नाही.

लढाईमुळे साखर रेशनवर होती, म्हणून गूळ वाटला आणि बायका घुगऱ्या घेऊन पांगल्या. कुणी जा म्हणायच्या आधीच अंबाबाईनं बोचकं उचललं. उंबऱ्याबाहेर ओट्यावर चार वर्षांची गोदा बोटं मोजत बसली होती. "गंगा, यमुना, गोदा, भिवरा! आत्या, तुमी भैनी कोन कोन?"

"काशी, मथुरा..." अंबाबाई बोलता बोलता थांबली.

"गया," आतून आवाज आला.

चंद्राबाई रिकाम्या सुपाजवळ बसली होती. वर बघत नव्हती. "तुजं गया ठेवायचं व्हतं माज्या मनात. सासूनं ठेवू दिलं नाय. मागनं नामा झाला. मग मी म्हटलं, तिचंच बराबर आसंल. दुसरं काय म्हननार व्हते?"

अडतीस वर्षं हे नाव या घरात पडून होतं आणि कुणी तिला सांगितलं नव्हतं. अंबाबाईला राग आला, आणि रडूही आलं.

"मग मार की एकदा हाक," ती बाहेरूनच म्हणाली.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"गये," तिनं हाक मारली.

"ओ," म्हणत अंबाबाई उंबरा ओलांडून आत आली.