मास्तरीणबाईंचं लढाऊ विमान

शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पण कापडावर कात्री अशी चालायची की गल्लीने बाईंना मास्तरीण करून टाकलं होतं. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, तरी उजवा अंगठा काही वठणीवर येईना. मग मुलाने परस्पर शिलाई मशीनला गिऱ्हाईक बघितलं.

"माझं मशीन विकतोस? मलाच विक ना त्यापेक्षा!"

"तुम्हाला गिऱ्हाईक मिळायचं नाही, आई," सून आतून म्हणाली.

"अगं आई, सुई धरवत नाही तुला," मुलगा नरमाईने म्हणाला.

टेबलावर त्याने हौसेने आणलेला ठोकळ्यांचा संच पडला होता. जुन्या युद्धातलं जेट विमान, अजून सुटं. बाईंनी डबा पुढ्यात ओढला.

"हे मी एकटीने जोडलं, तर मशीन जागचं हलायचं नाही. आहे कबूल?"

"कबूल. पण रविवारी गिऱ्हाईक येतंय."

पुस्तिकेत नुसती चित्रं, अक्षर औषधालाही नाही. बाईंचं फावलं. ठोकळे रंगावारी ताटल्यांत गेले, पंख झाले, अंग झालं. पण शिवणाची सवय नडली. आधी कापड, अस्तर मागाहून, या हिशेबाने त्यांनी इंजिन शेवटाला ठेवलं आणि विमानाची पाठ बंद करून टाकली. रविवारी इंजिन तयार, पण आत शिरायला वाटच नाही!

"उसवा आता," सून म्हणाली.

"दे, मी काढतो," मुलगा पुढे झाला.

"हात लावून तर बघ!"

जोडण्यापेक्षा उसवणं अंगठ्याला भारी. एकेक ठोकळा नखाने उचकटताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक दारात.

"बसा," बाई वरही न बघता म्हणाल्या. "याचं पोट शिवून होऊ दे, मग बोलू."

"मला घाई आहे हो."

"मग निघा. दार उघडंच आहे."

तो खुर्ची ओढून बसला. इंजिन आत गेलं, पाठ मिटली, शेपूट चढलं. वैमानिकावरची काच तेवढी बसेना. अंगठा सारखा घसरत होता. बाईंनी दातओठ खाऊन दाबलं आणि टक् वाजलं.

मुलाने विमान उलटं करून हलवलं. काही म्हणजे काही पडलं नाही.

"माफ करा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "मशीन विकायचं नाही."

गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उठलं. बाईंनी टम्म सुजलेला अंगठा मुठीत दडवला.

"कपडे शिवायचे असतील तर या," त्या म्हणाल्या. "पण घाई घरी ठेवून."