टोपऱ्यामागचा नारळ

मित्रांनो, मी एक जुनं लाल टोपरं आहे. बाळाचं नव्हे, विमानाचं. पंखेवाल्या छोट्या विमानाच्या इंजिनाला पुढे एक तोंड असतं. विमान उभं असताना ते तोंड झाकून बसायचं, एवढंच माझं काम. मुंबईत गाद्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. पोटात स्पंज, वर लाल रेक्झिन आणि खाली लोंबणारी हातभर पट्टी. मला काढायला कोणी विसरू नये म्हणून ती पट्टी. माणसं ओळखूनच लावली असणार.

दव, खारा वारा, तांबडी धूळ, कशालाच मी आत जाऊ दिलं नाही. कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला घिरट्या घालायची, तिलाही दाद दिली नाही. कौतुक मात्र इंजिनाचंच व्हायचं. चालायचंच. टोपीला कोण शाबासकी देतो?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देवगडचा हापूस विमानाने मुंबईला पोचवून बघायचा, म्हणून आम्ही मालवणजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, उतरलो. पेट्यांबरोबर आंब्याच्या बागेत काम करणारा गुरुदास जाणार होता. त्याची आई हौसाबाई दुपारपासून विमानाजवळ बसून होती. तिचा नवरा मचव्यासकट समुद्रात बुडालेला. आता मुलगा त्याच समुद्रावरून जायचा.

संध्याकाळी आमचे मेकॅनिक सदानंद मला दोनपैकी एका इंजिनाच्या तोंडात बसवू लागले.

"काय ओ मेस्त्रीनू, ह्येचा तोंड कित्याक बांधल्यात?"

"आत ओल जाऊ नये, किडा-मुंगी जाऊ नये म्हणून, काकी."

"आणि उडताना?"

सदानंदांना कोणी विचारलं की बरं वाटायचं. ते खुलले. "उडताना त्याला श्वास हवा ना! पण आत एक जोराचं वळण असतं. वारा हलका, तो वळून इंजिनात जातो. पावसाचे थेंब, वाळू जड. सायकलवरून सुसाट आलेला पोरगा वळणावर सरळ शेतात घुसतो बघा, तसं ते सरळ जातं आणि मागच्या भोकातून बाहेर पडतं."

"म्हणजे जड असात ता आत रवणा नाय?"

"अजिबात नाही."

हौसाबाईने मान डोलावली. मला वाटलं, झालं, शिकवणी संपली.

पहाटे मला कोणीतरी उपसलं. राखणदार धोंडूने मला छातीशी धरलं होतं. हौसाबाईने कुंकू लावलेला सोललेला नारळ इंजिनाच्या तोंडात वीतभर आत सरकवला आणि हात जोडले. मग मला परत बसवलं. मित्रांनो, मी हादरलो. जन्मभर बाहेरचं बाहेर ठेवणारा मी, आता आतलं लपवून बसलो होतो. नारळाची शेंडी पाठीला टोचत होती आणि मला तोंड नव्हतं.

सकाळी सदानंद आले. रोज ते मला काढून आत टॉर्च मारायचे. त्या दिवशी सगळा गाव जमला होता. "मागे व्हा, पंख्यापासून लांब," असं ओरडतच त्यांनी मला ओढलं, काखेत मारलं आणि टॉर्च खिशातच राहिला. कॅप्टनसाहेब आपल्या जागेवर बसले. गुरुदास पायरीवर चढला.

"गुरुदासा, समुद्रार इल्यार खाली बघ हां," हौसाबाई म्हणाली. "नारळ पडतलो."

"खंयचो नारळ, आये?"

"टोपऱ्याच्या मागे ठेवलंय तो."

मी सदानंदांच्या काखेतून खाली पडलो. ते पंख्यासमोर धावले आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून उभे राहिले. इंजिन सुरू करायच्या बटणावर गेलेला कॅप्टनसाहेबांचा हात मागे आला. सदानंदांनी आत हात घालून नारळ काढला. गुरुदास पायरीवरच बसला.

"काकी, हा आत राहिला असता, तर इंजिन बंद पडलं असतं. समुद्रावर."

हौसाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तरी ती बोललीच. "तुमीच सांगितल्यात, जड असात ता भायर पडता. समुद्राक नारळ दिल्याबिगर झिलाक तेच्यावरसून कसो धाडू?"

"मी वाळूचं सांगितलं होतं, काकी. ते भोक चार बोटांचं. नारळ तोंडातच अडकतो."

"मी नुसता टोपरां धरलेलंय," धोंडू मागून पुटपुटला. अशी माणसं मी गावोगाव पाहिली आहेत.

सदानंदांनी टॉर्च काढून दोन्ही इंजिनं तपासली. "आता स्वच्छ आहे," ते म्हणाले. हौसाबाई पुढे झाली. तिने पदर खोचला आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला. वर चाचपलं, खाली चाचपलं. मग दुसऱ्या इंजिनातही. कोणी तिला अडवलं नाही.

आता माझं रेक्झिन तडकलं आहे आणि स्पंज बाहेर आला आहे. जुन्या सामानाच्या पेटीत मी पडून असतो. मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणत नाही. एवढंच करा. झाकण काढलं की काम झालं असं समजू नका. आत बघा. आणि आपलं माणूस जाणार असेल, तर दुसऱ्याने बघितलं म्हणून थांबू नका.

त्या सकाळी हौसाबाईने दुसऱ्या इंजिनातून हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत काळा झाला होता.

"रिकामा आसा," ती मुलाला म्हणाली. "जा आता."