सायलेन्सरच्या अलीकडे

फ्लायओव्हरच्या चढावर आसावरीचा डिझेल ट्रक दमला. मागे थालीपीठ-मिसळीचा ट्रेलर जोडलेला, पाय पेडलवर पूर्ण दाबलेला, तरी वेग उतरतच चालला. मागून येणाऱ्या कंटेनरने भोंगा वाजवत ऐन वेळी लेन बदलली, म्हणून ती वाचली. घरी आल्यावर नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "ट्रक जरा ओढत नाहीये."

शंतनूला याहून जास्त सांगायची सोय नव्हती. गाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला होता, आणि तेव्हापासून आवाज त्याला सोसेनासा झाला होता. मिक्सर लावला, कुणी भांडं आपटलं, तरी तो डोकं गच्च धरून खाली बसायचा. त्याची आयटीतली नोकरी त्यातच सुटली. घर आता आसावरीच्या ट्रेलरवर चालत होतं. ट्रकची घरघर त्याला त्रास देऊ नये म्हणून तिने त्यांच्या अर्विंग या अमेरिकन गावातल्याच एका गॅरेजमधून मोठा सायलेन्सर बसवून घेतला होता. त्यानेच ट्रकचा गळा आवळला, अशी तिची आता खात्री झाली होती.

शनिवारी दुपारी इला आली. ही मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली. घरोघर जाऊन डिझेल गाड्या दुरुस्त करायची.

"सोपी टेस्ट सांगू, मावशी? सायलेन्सरच्या आधी पाइप ओपन करायचा आणि एक राउंड मारायचा. ट्रक नीट पळाला तर ब्लॉक तिथेच आहे."

"आवाज?"

"खूप. सगळे नेबर्स बाहेर येतील."

आसावरीने घराच्या खिडकीकडे पाहिलं. "नको गं. दुसरं काही कर."

"ओके. मग पाइप बंदच ठेवू आणि प्रेशर बघू."

इला ट्रकखाली सरपटली. सायलेन्सरच्या अलीकडचा एक सेन्सर काढून तिने त्या जागी प्रेशरचा गेज बसवला. आसावरीने इंजिनचा वेग हळूहळू वाढवला. गेजचा काटा जेमतेम हलला.

"सायलेन्सर फाइन आहे."

आसावरीला हायसं वाटलं. मग इलाने गेज आणखी पुढे, इंजिनच्या बाजूला, धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्याही अलीकडे बसवला. या वेळी काटा सरसर वर चढला.

"फिल्टर चोंदलाय, मावशी. पण तो स्वतःच काजळी जाळतो. तेव्हा इंजिन जोरात चालतं, स्क्रीनवर मेसेज येतो. तुला येत नाही?"

"येतो."

"मग?"

"नेमका घरापाशी येतो. तेव्हा ट्रक फार गुरगुरतो, म्हणून मी इंजिनच बंद करते."

"एव्हरी टाइम? मग काजळी अर्धवटच जळते."

आसावरीने होकारार्थी मान हलवली.

"मावशी, दॅट्स डेंजरस! चढावर पॉवर गेली तेव्हा मागे कोणी असतं तर?"

"होता. कंटेनर होता."

बोलून झाल्यावर तिचं लक्ष गेलं. घराच्या गॅरेजच्या दारात शंतनू उभा होता. कानांवरचे मोठे हेडफोन त्याने काढून हातात धरले होते.

इला गेल्यावर स्वयंपाकघरात दोघांचं भांडण झालं, तेही कुजबुजत.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? स्वतःलाच दोष देत बसला असतास."

"म्हणून तू मरायला निघालीस?" त्याचा आवाज चढला, आणि तो त्यालाच सोसला नाही. डोकं धरून तो जमिनीवर बसला. आसावरी धावली, तसा त्याने हात वर केला.

"थांब. एवढं तरी माझं मला निस्तरू दे."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्याच्याकडे नुसतं बघत राहणं तिला फार जड गेलं.

फिल्टर काढून धुवायला पाठवावा लागला. आठवड्याच्या ऑर्डरी कॅन्सल झाल्या, पण ट्रक पुन्हा ओढायला लागला. आता तो इलाच्या यार्डात उभा असतो. आसावरी तिथवर कारने जाते, आणि मेसेज आला की काजळी जळेपर्यंत हायवेवर ट्रक चालवत राहते.

संध्याकाळी शंतनू विचारतो, "आज रस्त्यात काय झालं?" ती आता काही लपवत नाही. कधी तो सगळं ऐकून घेतो. कधी मध्येच उठतो, आत जातो आणि दार लावून घेतो. मग आसावरी दाराबाहेर उभी राहते. हाक मारावी की नाही, हे तिला अजून उमजलेलं नाही.