बाहेरची कडी

शरच्चंद्रांनी छत्रीचं टोक भिंतीत खुपसलं. रंगाचा पापुद्रा निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. निघाला तो गिलाव्याचा मुठीएवढा गोळा, आणि आतून विटेचा लाल खड्डा उघडा पडला.

“याला तुमच्याकडे दुरुस्ती म्हणतात का?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडे शनिवार पेठेत याला बुजवाबुजवी म्हणतात.”

सर्जेराव खाली वाकून तुकडे गोळा करू लागला. मांजरी गावात घरांची दलाली करणारा हा धिप्पाड माणूस घर विकणाऱ्या संपतचा चुलतभाऊ होता. घर ठाकठीक करून देण्याचा शब्द त्यानेच दिला होता, आणि खरेदीखत उद्यावर आलं होतं.

“सायेब, ओल न्हाई ती. भिंत कोरडी खडखडीत हाय.”

“मग काय, भिंतीला देवी आल्या होत्या?”

हेमा दोघांच्या मागे पर्स छातीशी धरून उभी होती. कर्ज नवरा-बायको दोघांच्या पगारावर निघालं होतं, पण घराचा हट्ट तिचा. पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्या, कोंदट जिना, घरमालकाचे टोमणे यांनी शरच्चंद्रांचा जीव किटतो म्हणून त्यांचा हात उठतो, असं तिने स्वतःला इतकी वर्षं समजावलं होतं. मोकळ्यावर स्वतःचं घर झालं की सगळं निवेल. शाळेतल्या पोरांना ती असल्या भाबड्या उत्तराला शून्य मार्क देई, पण स्वतःचा पेपर कोण तपासतं?

ती पुढे झाली आणि तिने खड्ड्यात हात घातला. खड्डा बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर होता. तिच्या घरी स्वयंपाकघरातली दिनदर्शिका याच उंचीला टांगलेली होती. इतकी खाली का लावलीत, जरा वर लावा की, असं पाहुणे म्हणत, आणि ती हसून चहा टाकायला वळे. त्या दिनदर्शिकेमागेही असाच एक खड्डा होता.

शरच्चंद्र तोवर पुढच्या तक्रारीवर पोचले होते. ओट्याची फरशी तडकलेली, कपाटाचा आरसा गायब, झोपायच्या खोलीच्या चौकटीला ठिगळ. प्रत्येक ठिकाणी ते छत्री आपटत, आणि सर्जेराव “करून देतो” म्हणे. मागच्या लहान खोलीशी मात्र त्यांना खरा जोर चढला.

“आणि हा बघा शहाणपणाचा कळस! खोलीला आतून कडी नाही, बाहेरून ही एवढी थोरली. इथं माणूस झोपवायचाय का म्हैस बांधायचीय?”

“बदलून देतो, सायेब.”

“नुसतं देतो, देतो! दलाली करताय की भामटेगिरी? कुठल्या कुळातले रे तुम्ही?”

शब्द संपले की त्यांचा हात सुरू होई. ते अंतर हेमाला पाठ होतं. तिने नकळत मान खांद्यात ओढून घेतली. पण थप्पड बसली सर्जेरावच्या गालावर.

सर्जेरावने हातातले गिलाव्याचे तुकडे खाली टाकले. मग त्याने शरच्चंद्रांचा गळा एका पंजात धरला आणि त्यांना चौकटीवर असं आदळलं की चष्मा उडून लहान खोलीत जाऊन पडला. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा ओठ फुटला आणि शर्टावर रक्त सांडलं. शरच्चंद्रांचे पाय जमीन शोधत होते. हेमाच्या तोंडून किंकाळी निघायला हवी होती. ती निघाली नाही, आणि याचं तिचं तिलाच भय वाटलं.

“आता ऐका,” सर्जेराव धापा टाकत म्हणाला. “ती भिंत पान्यानं न्हाई गेली. संपतच्या बायकोच्या, शकूवैनीच्या डोक्यानं गेली. आरसा, फरशी, समदं तसंच. संपत भाऊ पडला माझा. दर बारीला गवंडी मीच आनायचा, मीच बुजवून घ्यायचं. ही कडीबी मीच बसवली. वैनी रातीची पळून जाती, म्हनला.” त्याने हात सोडला. “आता एका डोळ्यानं दिसत न्हाई तिला. यवतला बहिनीकडं असती.”

शरच्चंद्र भिंतीला टेकून सावरले. रुमालाने ओठ पुसला, रुमालाकडे बघितलं, घडी घालून खिशात ठेवला. मग त्यांची नजर कडीवर गेली. त्यांनी ती पुढे सरकवली, मागे घेतली. कडी लोण्यासारखी फिरत होती.

“भिंत, फरशी, आरसा, सगळं उद्याच्या आत नीट हवं,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “ही कडी मात्र राहू द्या. चांगली आहे.”

त्यांनी हेमाकडे पाहिलंही नाही.

वड्याचं तेल वांग्यावर निघणार, हे तिला केव्हाच कळलं होतं. सर्जेरावला न पोचलेली प्रत्येक लाथ आज रात्री तिच्याच वाट्याला येणार होती, आणि त्यात नवं काही नव्हतं. पण आजवर जे झालं ते रागाच्या भरात झालं, असं ती मानत आली होती. आत्ता त्यांच्या आवाजात राग नव्हता. घर घेताना माणूस सोयी बघतो, तशी त्यांनी ती कडी बघितली होती.

“माझा चष्मा कुठंय?” शरच्चंद्र लहान खोलीत शिरले आणि वाकून फरशी चाचपू लागले. “हेमा, उभी काय राहिलीस? इकडे ये, शोध.”

“आले,” ती म्हणाली.

तिने दार ओढलं आणि कडी घातली.

आतली चाचपणी थांबली. मग तिच्या नावाने हाक आली, आणि दारावर पहिली लाथ बसली. सर्जेराव पुढे झाला.

“थांबा,” हेमा म्हणाली. “टिकेल ना?”

सर्जेरावने मान खाली घातली. “टिकंल, वैनी.”

“मग मी गाडीत बसल्यावर तुम्हाला फोन करते. तेव्हा काढा. आणि उद्याचं काही नाही. मी सही करणार नाही.”

“पर जानार कुठं तुमी?”

हेमाने पर्स खांद्याला अडकवली.

“बहीण मलाही आहे.”

ती बाहेर पडली. आतून शिव्या येत असताना सर्जेराव लहान खोलीच्या दाराला पाठ लावून खाली बसला आणि फोन मांडीवर ठेवला.