बक्षीसपात्र कुंडीचा जबाब

मी कुंडी बोलतेय. बक्षीस मिळालेली कुंडी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी प्लेरेड गावच्या लाल मातीची. तिथल्या मांग उदिन, म्हणजे उदिनकाका, या म्हाताऱ्या कुंभाराने मला चाकावर घडवलं, पण आखलं ते बांडुंग शहरातल्या विदुरीने. विदुरी डिझाइन शिकणारी मुलगी. त्या धंद्याची रीतच अशी, की हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं. मांग उदिनला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याने आयुष्यात इतक्या कुंड्या केल्या होत्या, की प्रत्येकीवर नाव घालत बसला असता तर जेवायला सवड मिळाली नसती.

माझी करामत अशी. मला दोन भिंती. आतल्या भांड्यात माती आणि रोप, दोन भिंतींच्या मध्ये पाणी. छपरावरचं पाणी बांबूच्या नळीतून माझ्या काठाखालच्या फटीत शिरायचं आणि पंधरा दिवस रोपाला पाझरत राहायचं. वीज नको, प्लास्टिक नको, पाणी घालायची आठवणसुद्धा नको. पाणी नेमकं कुठे आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि विदुरीला अभिमान होता तो त्याचाच.

"नेंग, या फटीला झाकण कर," मांग उदिन म्हणाला होता. आमच्याकडे लाडाने मुलीला नेंग म्हणतात.

"झाकणाने रेषा बिघडते, मांग."

"कसली रेषा?"

"ही बघा, वरून खाली उतरणारी."

त्याने वरून खाली पाहिलं. "मला आपली कुंडीच दिसते," म्हणाला, आणि मला भट्टीत ठेवलं.

भट्टीतून निघाले ती थेट विदुरीच्या कॉलेजात, बू इमास, म्हणजे इमासबाई, यांच्या वर्गात. सत्र संपेपर्यंत कोपऱ्यात उभी होते, त्यामुळे तिथे शिकवलेलं बरंच माझ्या कानावर आहे. बू इमास मूळच्या रोगांच्या अभ्यासक. रोग रानातून, पाण्यातून, जनावरांतून माणसापर्यंत कसकसा चालत येतो, हा त्यांचा विषय. बारा वर्षं त्यांनी वस्त्यावस्त्यांतून डासांच्या अळ्या मोजल्या. मग कुणाच्या तरी मनात आलं, की डिझाइनच्या मुलांनाही जीवशास्त्र आणि शाश्वतता शिकवावी. मुलांच्या मनात ते आलं नव्हतं.

"बू, आम्ही खुर्च्या करणार," मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला. "आम्हाला डासाची आतडी कशाला?"

"तुझ्या खुर्चीखाली कोण संसार थाटणार, ते तुला आधी कळावं म्हणून."

वर्ग हसला. मीही मनात हसले. खुर्चीचं ते खुर्ची बघून घेईल, माझा काय संबंध?

परीक्षणाच्या दिवशी माझ्यात पाणी भरलं नव्हतं. टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं, ते भिजलं असतं. तीन परीक्षक माझ्याभोवती गोल फिरले. एकाने मला 'मौन' म्हटलं, दुसऱ्याने 'प्रामाणिक'. बू इमासनी बोटाने टकटक करून पाहिलं, मातीचं विचारलं, पाझरण्याचा वेग विचारला, आणि पैकीच्या पैकी गुण दिले. दोष त्यांचा म्हणावा तर मी कोरडी ठणठणीत होते. कोरड्या कुंडीत आणि कागदावरच्या कुंडीत काहीच जन्माला येत नाही.

पुढे शहराच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. विदुरीच्या नदीकाठच्या वस्तीसाठी सरकारी कचेरीने माझ्यासारख्या आणखी एकोणचाळीस करवून घेतल्या. प्रत्येकीला लाल-पांढरी फीत बांधली, भाषण झालं, फोटो झाले. मी गेले विदुरीच्याच घरी. तिची मोठी बहीण, तेह (म्हणजे ताई) युयुन, सातवा महिना चालू असलेली. आई गेल्यावर विदुरीला तिनेच वाढवलं होतं. नवरा दूर बाताम बेटावर कामाला. तिने माझ्यात सुरावुंग, म्हणजे आमच्याकडचा तुळशीसारखा वासाचा पाला, लावला आणि रोज जेवताना त्याची चार पानं तोडून मिरचीच्या ठेच्याशी खाऊ लागली. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दर शुक्रवारी बू एरोह बॅटरी घेऊन घरोघर यायच्या. अळ्या शोधणं हे त्यांच्याकडे सोपवलेलं काम. त्या न्हाणीतला हौद बघायच्या, बादल्या बघायच्या, फ्रिजमागची ताटली ओढून बघायच्या, बुलबुलाच्या पिंजऱ्यातली वाटीसुद्धा सोडायच्या नाहीत. मला मात्र वळसा घालून जायच्या.

"हीसुद्धा बघा की," युयुन एकदा म्हणाली.

"फीत आहे ना गं तिला. कचेरीने दिलेली वस्तू कचेरी तपासेल. आपण कशाला त्यांच्या कामात?"

मला ते ऐकून बरं वाटलं. मान मिळाला की कुणाला बरं वाटत नाही?

पावसाचा तिसरा आठवडा असेल. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीतरी वळवळू लागलं. बारीक, चपळ, वर येऊन श्वास घेणारं, पुन्हा खाली जाणारं. आधी दहा-बारा, मग शेकडो. दारात युयुन पोटावर हात ठेवून बसलेली असायची. तिचं बाळ हललं की ती हसायची. मला वाटलं, मलाही मुलं झाली. मी त्यांना सावली दिली, वाऱ्यापासून राखलं, पाणी गार ठेवलं. एकेक मोठं होऊन फटीतून उडून जाऊ लागलं, तेव्हा मी अभिमानाने पाहत राहिले. तुमच्याकडच्या आया पाहतात तशी.

युयुनला ताप भरला. चौथ्या दिवशी तिला रुग्णालयात नेलं. डेंग्यू. दारात थांबून शेजारणी आकडे सांगू लागल्या. प्लेटलेट साठ हजार. मग एकतीस. मग अठरा. बाळाबद्दल बोलताना त्या आवाज खाली आणायच्या.

आकडा अठरावर आला त्या दिवशी बू इमास लाल पेरूच्या रसाची बाटली घेऊन आल्या. अशा तापात इकडे तोच नेतात. विदुरी आत कपडे बदलत होती, तोवर बाई दारात उभ्या राहिल्या. सवयीने त्यांनी हौद पाहिला, बादल्या पाहिल्या. सगळं लख्ख. मग माझ्या फटीतून एक डास निघाला आणि त्यांच्या मनगटावर बसला. त्यांनी त्याला मारलं नाही. त्याच्या पायांवरचे पांढरे पट्टे त्या पाहत राहिल्या.

"विदुरी, पांढरा वाडगा आण."

"सुपाचा?"

"कुठलाही. पांढरा."

त्यांनी मला कलती केली. वाडग्यात पाणी पडलं, आणि माझी मुलं उजेडात नाचू लागली.

विदुरीने वाकून पाहिलं. तीन महिने बाईंच्या वर्गात तिने याच अळ्यांची चित्रं काढली होती, आणि ती उत्तम आली होती.

"माझ्या कुंडीत?"

"तुझ्या कुंडीत," बू इमास म्हणाल्या. "मी पैकीच्या पैकी दिलेल्या कुंडीत. बारा वर्षं मी लोकांच्या टायरांत न् करवंट्यांत डोकं घालत आले. हिच्यात नाही घातलं. छान दिसत होती."

विदुरी उंबऱ्यावर बसली आणि वाडग्याकडे बघत राहिली.

माझं विचाराल तर भट्टीच्या जाळात मी तडकले नव्हते. त्या घटकेला का तडकले नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.

"बाकीच्या एकोणचाळीस कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

बू एरोहना बोलावलं. त्या कचरल्या. "कचेरीला विचारायला हवं हो. पुढच्या आठवड्यात फोटोवाले येणारेत."

"फोटोत काय हवंय तुम्हाला, कुंडी की जनाजा?"

बू एरोहनी पदर खोचावा तसा अंगरखा वर खोचला, आणि पहिली फीत स्वतः ओढून तोडली. चाळीसपैकी एकतीस जणींच्या पोटात तेच निघालं. शेवटची रिकामी होईपर्यंत अंधारून आलं. विदुरी त्यानंतर रुग्णालयात गेली ती सहा दिवस घरी आली नाही. तिने बहिणीला काय सांगितलं, मला माहीत नाही. मी रिकामी, कोरडी, दारात पडून होते. कुणी येताना दिसलं की वाटायचं, आता ती बातमी.

सातव्या दिवशी दोघी रिक्षातून उतरल्या. युयुन चालत आली. सावकाश, विदुरीच्या खांद्याला धरून, पोट सांभाळत.

माझ्यापाशी थांबली. "हीच का?"

"हीच," विदुरी म्हणाली. "फोडून टाकते, तेह. हातोडा आणलाय."

"दिसायला बरी आहे गं."

"तेह, तू माझ्यामुळे..."

"पुरे. सहा दिवस तेच ऐकतेय. मला उभं राहवत नाहीये. उलटी कर हिला."

विदुरीने मला उपडी केली. युयुन माझ्यावर टेकली आणि चपला काढू लागली.

मी तिला मारलं नाही, हे मला तेव्हा कळलं. आत्मवृत्तात कर्तृत्व सांगायची पद्धत आहे. माझ्याकडे सांगण्याजोगं एवढंच आहे, आणि त्यातही श्रेय माझं नाही.

मुलगी झाली. सकाळी तिला उन्हाला घेऊन युयुन माझ्यावर बसते. मी जाड आहे, दोघींचा भार सोसते. कधी बू इमास नव्या मुलांना घेऊन येतात, तेव्हा युयुन उठते आणि मुलं माझ्या बुडाला हात लावून बघतात. एखादा म्हणतोच, की बू, ही सरळ ठेवली तर किती सुंदर दिसेल.

दिसेल. पण तुम्ही इकडे आलात तर एवढं करा. मला सुलटी करू नका.